रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, मग गळ्यातली गाठ कसली?

  धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नवापूर, नंदुरबार, जिथे कुठे बसून ऐकत असाल तिथे रेडिओच्या थोडं जवळ सरका. भाकरी थापत असाल तर थापत राहा, कान मात्र इकडे द्या.

आजचा विषय आम्ही निवडलेला नाही. तो एका बचत गटाने आमच्याकडे पाठवला. सातपुड्यातल्या एका पाड्यावरच्या या बाया. महिन्याच्या बैठकीत गटातल्या एका ताईने तीन हजार रुपये कर्ज मागितलं. कशासाठी, तर तिच्या अकरा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला गाठ आली आहे. आणि बाजाराच्या दिवशी एक माणूस छापील कागद वाटत होता. मुलांच्या रक्ताची संपूर्ण तपासणी, थायरॉईड आणि कॅन्सरसकट, असं त्यावर लिहिलेलं होतं. ताई म्हणाली, एकदा रक्त तपासून घेते, म्हणजे जिवाचा घोर जाईल.

दोघी-तिघी म्हणाल्या, देऊ या. लेकराच्या जिवापेक्षा पैसा मोठा आहे का? पण कोपऱ्यात बसलेली एक मावशी म्हणाली, "माझ्या भाचीचंही रक्त तपासलं होतं. नॉर्मल आलं होतं. तरी पुढे तिला मुंबईला न्यावं लागलं." सगळ्या गप्प झाल्या. वहीत कर्जाचा आकडा लिहायचा थांबला आणि प्रश्न आमच्यापर्यंत आला: लहान मुलाच्या गळ्यातला कॅन्सर रक्तावरून कळतो का?

आम्ही डॉक्टर नाही. तुमच्यासारख्याच बाया आहोत. पण डॉक्टरांना विचारून, वाचून, पुन्हा पुन्हा समजून घेऊन बोलतो आहोत. आधी सरळ उत्तर देतो, मग कारण सांगतो.

उत्तर असं: मुलांच्या थायरॉईडच्या नेहमीच्या कॅन्सरसाठी, गाठ कॅन्सरची आहे की नाही हे सांगणारी रक्ताची तपासणी आज नाही. गाठ ओळखायला हात लागतो, सोनोग्राफी लागते आणि सुईची तपासणी लागते. रक्त तपासायचं असतं, पण ते वेगळ्या कामासाठी. ते काम कोणतं, हे समजलं की कोणी आपल्याला फसवणार नाही आणि आपणही स्वतःला फसवणार नाही.

आता गळ्याला हात लावून पाहा. मधोमध जे कडक हाड लागतं, ज्यातून आवाज येतो, त्याच्या खाली एक ग्रंथी असते. फुलपाखरासारखी, दोन्हीकडे दोन पंख. तीच थायरॉईड. आपण जेवणातून जे आयोडीन घेतो त्यापासून ती एक रस तयार करते. त्या रसावर मुलाची वाढ, बुद्धी, अंगातली ऊब, बाईची पाळी, सगळं चालतं. आयोडीन कमी पडलं की ग्रंथी जास्त राबते आणि राबता राबता फुगते. त्यालाच आपण गलगंड म्हणतो.

गलगंड आपल्या डोंगराला नवा नाही. पूर्वी लोकांना वाटायचं की हा हिमालयाकडचा रोग. नंतर पाहणी झाली तेव्हा आपल्या बाजूलाही तो सापडला. महाराष्ट्रातला तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा आणि गुजरातेतला भरूच जिल्हा, दोन्ही नावं त्या यादीत आहेत. भरूच म्हणजे परका मुलूख नव्हे. अक्कलकुव्याच्या पलीकडचे डोंगर तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. म्हणून आपल्याकडे कोणाचा गळा फुगलेला दिसला तर आजी म्हणते, "असतं गं तसं, माझ्या आईलाही होतं." आजीचं पुष्कळ वेळा खरं असतं. पण प्रत्येक वेळी खरं नसतं, आणि अडचण तिथेच आहे.

पूर्ण ग्रंथी सारखी, मऊ फुगली असेल तर तो बहुतेक साधा गलगंड असतो. वयात येणाऱ्या मुलींमध्ये तो बऱ्याचदा दिसतो. पण त्या ग्रंथीत एकच वेगळी गाठ हाताला लागली, बोरासारखी किंवा सुपारीसारखी, तर ती वेगळी गोष्ट. मुलांमध्ये अशा गाठी कमी होतात. पण झाल्या तर मोठ्या माणसांपेक्षा जास्त काळजीने पाहाव्या लागतात. मोठ्यांच्या थायरॉईडमधल्या गाठींपैकी शंभरात पाच ते पंधरा कॅन्सरच्या निघतात. मोठ्या दवाखान्यांत तपासलेल्या मुलांच्या गाठींत हे प्रमाण साधारण चारात एक आहे. म्हणजे चारपैकी तीन मुलांना कॅन्सर नसतो. हे आधी मनात ठेवा. पण चौथं मूल कोणतं, हे गळ्याकडे नुसतं बघून कोणालाच सांगता येत नाही. म्हणून मुलाच्या गळ्यातली गाठ असते तशीच सोडून द्यायची नसते.

आता रक्ताकडे येऊ. गावातल्या पिठाच्या गिरणीचं उदाहरण घेऊ.

समजा थायरॉईड ही गिरणी आहे. घराघरातून निरोप येतो, पीठ कमी पडलं, जास्त दळा. पीठ भरपूर झालं की निरोप येतो, आता पुरे. शरीरात हा निरोप मेंदूच्या बुडाशी असलेली एक छोटी ग्रंथी पाठवते. त्या निरोपाचं नाव टीएसएच. दवाखान्यात थायरॉईडची तपासणी म्हणतात ती बहुतेक हीच. टीएसएच वाढलेला असेल तर पीठ कमी पडतं आहे, कमी असेल तर गिरणी जास्तच दळते आहे. निरोप बरोबर असेल तर दळण बरोबर चाललं आहे.

पण दळण बरोबर चाललं म्हणजे गिरणीच्या जात्याला कुठे तडा नाही, असं होतं का? नाही. एका कोपऱ्यात तडा असतो आणि बाकीचं जातं नीट दळत राहतं. थायरॉईडच्या कॅन्सरचं तसंच असतं. गाठ एका पंखात बसलेली असते, बाकीची ग्रंथी आपलं काम करत असते. म्हणून ज्या मुलांना हा कॅन्सर निघतो त्यांच्यातल्या बहुतेकांचा टीएसएच अगदी नॉर्मल असतो. मूल खेळतं, जेवतं, शाळेत जातं. ताप नाही, दुखत नाही, वजन उतरत नाही. फक्त गाठ असते.

आता मावशीच्या भाचीचं काय झालं ते ऐका. पोरगी तेरा वर्षांची, आश्रमशाळेत शिकणारी. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली तेव्हा वेणी घालताना आईला गळ्यात गाठ दिसली. आईने तिला एका दवाखान्यात नेलं. तिथे रक्त घेतलं. रिपोर्ट आला, थायरॉईड नॉर्मल आहे, काळजी करू नका. आईला हायसं वाटलं. तिने तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि घरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत गेली. कोणी विचारलं, अगं, पोरीच्या गळ्याला काय झालं, की घरातलं कोणीतरी सांगायचं, तपासलं आहे, नॉर्मल आलं. त्या एका शब्दावर दहा महिने गेले. गाठ वाढली. मानेच्या बाजूला आणखी दोन बारीक गाठी आल्या. शेवटी आश्रमशाळेत मुलांच्या आरोग्य तपासणीचं पथक आलं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी गळ्याला हात लावला आणि त्याच आठवड्यात पोरीला पुढे पाठवलं.

रिपोर्ट खोटा होता का? नव्हता. तो खराच होता. पण त्याला जो प्रश्न विचारला होता त्याचंच उत्तर त्याने दिलं. गिरणी दळते आहे का, हे विचारलं होतं, आणि गिरणी दळत होती. गाठ कसली आहे, हे कोणी विचारलंच नाही.

रक्ताची दुसरी एक तपासणी आहे. तिचं नाव थायरोग्लोब्युलिन. असल्या कॅन्सरच्या पॅकेजमध्ये हे नाव दिसू शकतं, म्हणून सांगतो. पुन्हा गिरणीकडे चला. गिरणीच्या भिंतीवर, खिडकीवर, गिरणीवाल्याच्या भुवयांवर पांढरी पिठी बसलेली असते. थायरोग्लोब्युलिन म्हणजे ती पिठी. ती फक्त थायरॉईडच्या पेशी तयार करतात. गाठीतली पेशी करते, तशी निरोगी पेशीही करते. म्हणून ग्रंथी जागेवर असताना रक्तात ही पिठी दिसली तर एवढंच कळतं की इथे गिरणी आहे. साध्या गलगंडात ती वाढते. सूज आली तर वाढते. आयोडीन कमी पडलं तरी वाढते. एखाद्या भागातल्या मुलांना आयोडीन पुरेसं मिळतं का, हे पाहायला जागतिक आरोग्य संघटनासुद्धा शाळेतल्या मुलांची हीच तपासणी वापरते. मग विचार करा, आपल्या डोंगरातल्या पोरीचा हा आकडा जास्त आला तर त्याला कॅन्सर म्हणायचं का? आणि कमी आला तर गाठ विसरून जायची का? दोन्ही चूक.

तिसरी तपासणी कॅल्सिटोनिन. ही मात्र एका वेगळ्या, फार कमी दिसणाऱ्या थायरॉईड कॅन्सरसाठी उपयोगी पडते. तो बऱ्याचदा घराण्यातून येतो. ज्या घरात तो आहे तिथे रेट नावाच्या जनुकाची तपासणी रक्तावरून करतात, आणि ज्या मुलात दोष सापडतो त्याची ग्रंथी आजार होण्याआधीच काढायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. म्हणजे रक्ताने आधी सांगावं अशी एक जागा खरंच आहे. पण ती जागा अशा ठरावीक कुटुंबांची आहे. मुलांमध्ये जो थायरॉईडचा कॅन्सर होतो तो दहापैकी जवळजवळ नऊ वेळा पॅपिलरी नावाचा असतो, आणि त्याला कॅल्सिटोनिन काही सांगत नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारलं की घरात कोणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का, तर लाजू नका, लपवू नका, माहेरची आणि सासरची दोन्हीकडची माहिती द्या.

जगभर शास्त्रज्ञ रक्तात गाठीच्या खुणा शोधत आहेत. गाठीतून सुटलेले जनुकांचे बारीक तुकडे रक्तात सापडतात का, हे पाहत आहेत. उद्या त्यातून काही चांगलं निघेल, निघावं. पण बाजारात कागद वाटून विकावी अशी ती तपासणी आज झालेली नाही.

मग गाठ कशी ओळखायची? पहिलं काम आपलं आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही. मुलाला उजेडात समोर बसवा, हनुवटी थोडी वर करायला सांगा आणि घोटभर पाणी प्यायला द्या. पाणी गिळताना गळ्यात काही वर-खाली सरकताना दिसतं का, ते पाहा. थायरॉईडमधली गाठ गिळताना वर सरकते. मग हलक्या हाताने चाचपा. दाबू नका, चोळू नका, त्यावर चुना, बिब्बा, कसलाही लेप लावू नका. डाग तर मुळीच देऊ नका. भगताकडे जायचं असेल तर कोणाची श्रद्धा आम्ही मोडत नाही, पण दवाखान्याची तारीख त्यासाठी पुढे ढकलू नका.

मानेच्या बाजूच्या गाठींबद्दलही सांगतो. मुलांच्या मानेत गाठी येतात त्या बहुतेक साध्या कारणाने येतात. घसा दुखतो, दात किडतो, डोक्यात उवा होऊन फोड येतात, की मानेत गाठ येते आणि आजार बरा झाला की बसते. काही मुलांना टीबीची गाठ असते. तिची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, कडक लागते, वाढत चालली आहे, आवाज घोगरा झाला आहे, गिळायला त्रास होतो, किंवा गळ्यातली गाठ आणि बाजूच्या गाठी एकदम दिसतात, तर थांबायचं नाही. मुलाला आधी दुसऱ्या कुठल्या आजारासाठी मान-छातीवर किरणांचे उपचार झाले असतील तर तेही डॉक्टरांना सांगायचं.

जायचं कुठे? आधी आशाताईला सांगा. मूल अंगणवाडीत असेल किंवा शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक यायला हवं. त्यांनी ज्या गोष्टी पाहायच्या असतात त्यात गलगंड आहे. त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका, घरी ठेवू नका, शाळेत पाठवा. आणि ताईंनो, पथकाला स्वतः सांगा, "हिचा गळा पाहा." पन्नास मुलांच्या गर्दीत आईचा शब्द कामाला येतो.

पथकाची वाट पाहायची नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि तिथून नंदुरबारचं जिल्हा रुग्णालय. तिथे दोन गोष्टी मागायच्या. पहिली, गळ्याची सोनोग्राफी. गरोदरपणात पोटाची होते तीच, फक्त गळ्यावरून. दुखत नाही, त्यात किरणं नसतात. दुसरी, गरज असेल तर सुईची तपासणी. रक्त घेतात तेवढीच बारीक सुई गाठीत घालून चार थेंब काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पुष्कळ जणींना भीती वाटते की सुई टोचली की कॅन्सर पसरतो. त्या बारीक सुईने तो पसरत नाही. पसरतो तो घरी बसल्याने. टीएसएचची तपासणीही तिथे करतीलच, ती करू द्या. पण तिचा कागद हातात पडला म्हणून उठून येऊ नका. विचारा, "साहेब, गाठीची सोनोग्राफी कधी?" हा एक प्रश्न पाठ करून जा.

आणि निघालाच कॅन्सर तर? हे ऐकताना कोणाच्या छातीत धस्स झालं असेल. म्हणून एक मोठी गोष्ट सांगतो.

१९८६ च्या एप्रिलमध्ये तेव्हाच्या सोव्हिएत देशात चेर्नोबिल इथली अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन हवेत गेलं, गवतावर पडलं. ते गवत गाईंनी खाल्लं आणि गाईंचं दूध मुलांनी प्यायलं. त्या भागात जेवणातलं आयोडीन आधीच कमी होतं. म्हणून मुलांच्या भुकेल्या ग्रंथींनी ते विषारी आयोडीन जास्तच ओढून घेतलं. त्या वेळी जी मुलं होती त्यांच्यातल्या ६,००० हून जास्त जणांना २००५ पर्यंत थायरॉईडचा कॅन्सर झाला. फार मोठं दुःख होतं ते. पण त्या हजारो मुलांपैकी तोपर्यंत या कॅन्सरने दगावलेल्यांची नोंद १५ आहे. १५ सुद्धा नकोच होती. पण यावरून कळतं की मुलांचा हा कॅन्सर उपचाराला ऐकतो. मानेतल्या गाठींत पसरला तरी ऐकतो, पुष्कळदा फुप्फुसात गेला तरी ऐकतो. शंभरात पंच्याण्णवहून जास्त मुलं वर्षानुवर्षं जगतात, शिकतात, संसार करतात.

उपचार कसा होतो? ऑपरेशन करून ग्रंथी काढतात. हे ऑपरेशन मुलांच्या गळ्याचा सराव असलेल्या शल्यविशारदानेच करायला हवं, कारण जवळच आवाजाची नस असते आणि शरीरातला चुना, म्हणजे कॅल्शियम, सांभाळणाऱ्या चार इवल्या ग्रंथी असतात. काही मुलांना नंतर किरणोत्सारी आयोडीनचं औषध देतात. चेर्नोबिलला ज्याने घात केला तेच आयोडीन, इथे मोजून-मापून, उरलेल्या वाईट पेशी मारायला वापरतात. मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. त्याच्याच आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली सुरू झालं. थायरॉईडच्या रोग्यांना तिथे असे उपचार मिळतात.

आणि आता, मैत्रिणींनो, रक्ताची पाळी येते. ग्रंथी काढली म्हणजे गिरणी उचलून नेली, भिंती झाडून घेतल्या. आता भिंतीवर पुन्हा पिठी दिसली तर? याचा अर्थ कुठेतरी अजून एखादं जातं फिरतं आहे. म्हणून ऑपरेशननंतर थायरोग्लोब्युलिनची तपासणी फार मोलाची. आकडा खाली राहिला तर चांगलं. वर चढू लागला तर डॉक्टर शोध घेतात. तिच्यासोबत आणखी एक तपासणी करतात, कारण काहींच्या रक्तात या पिठीवर चिकटणारे कण असतात आणि त्यामुळे आकडा चुकतो. जी तपासणी आधी काही सांगत नव्हती तीच नंतर पहारेकरी होते.

पण पहारेकरी तेव्हाच कामाचा जेव्हा आपण बोलावलेल्या तारखेला जातो. ग्रंथी काढलेल्या मुलाला रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी लागते, जन्मभर. ती स्वस्त असते, पण चुकवायची नसते. तोडीला जाताना भांडी आणि कोयते बांधता, तसा मुलाचा सगळा कागद आणि दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या बांधा. गोळ्या संपल्या आणि मुक्काम गुजरातेत असला तर तिथल्या सरकारी दवाखान्यात तोच कागद दाखवता येतो.

पैशाचं काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला भेटायचं. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवायचं. देशातलं पहिलं आधारकार्ड २०१० साली आपल्याच टेंभलीत एका बाईच्या हातात दिलं होतं. त्या कार्डाचा खरा उपयोग अशा वेळी करून घ्यायचा. शाळेच्या पथकाने पाठवलेलं मूल असेल तर त्या चिठ्ठीचाही आधार मिळतो. चिठ्ठी जपून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी दवाखान्यात कोणी बोलत नाही पण चुलीपाशी सगळ्या बोलतात. मुलगी आहे, गळ्यावर टाके दिसतील, लग्न कोण करेल? हाच विचार करून काही घरांत गाठ पदराआड, ओढणीआड लपवतात. आम्ही एवढंच म्हणतो, गळ्यावरची रेघ पुढे बारीक होत जाते, पोरगी मात्र उभी राहते. मावशीची भाची आज दहावीत आहे. तिच्या गळ्यावर रेघ आहे. ती सकाळी गोळी घेते आणि शाळेत जाते. हा रोग कोणाला लागत नाही. तिच्याबरोबर एका ताटात जेवता येतं. पुढे तिला मूलबाळही होऊ शकतं. गटातल्या बायांनी हे बोलायला हवं, कारण आईने एकटीने बोललं तर कोणी ऐकत नाही.

आता कोणी विचारेल, गाठ इतकी महत्त्वाची आहे, तर गावातल्या सगळ्या मुलांची सोनोग्राफीच करून घेऊ का? नको. जपानात २०११ साली फुकुशिमाला अणुभट्टीचा अपघात झाल्यावर सुमारे तीन लाख मुलांच्या गळ्याची सोनोग्राफी केली. तेव्हा इतक्या बारीक गाठी सापडल्या की त्यातल्या पुष्कळ कधी त्रास देणाऱ्या होत्या की नाही, यावर तज्ज्ञांत मोठा वाद झाला. शेवटी २०१८ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञांनी सांगितलं की अशा अपघातानंतरसुद्धा सरसकट सगळ्यांची तपासणी करू नये. गाठ नसलेल्या मुलाला मशीनखाली घालून भीती विकत घ्यायची नाही, आणि गाठ असलेल्या मुलाला घरी ठेवायचं नाही.

जाता जाता मिठाबद्दल. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉक्टर रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सोबत्यांनी काही गावांना आयोडीनचं मीठ दिलं आणि गलगंड उतरला. त्या कामाच्या आधारावर १९६२ साली देशाचा गलगंड कार्यक्रम सुरू झाला. मीठ कॅन्सरवरचं औषध आहे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. पण गलगंड कमी झाला की गावात वेगळी गाठ लवकर नजरेत भरते, आणि पोटातल्या बाळाच्या बुद्धीला आयोडीन लागतंच. म्हणून पुडीवर आयोडीनयुक्त लिहिलेलं मीठ घ्या. झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवा. आशाताईकडे मीठ तपासायचं किट असेल तर पुढच्या बैठकीत प्रत्येकीने चिमूटभर मीठ पदराला बांधून आणा. थेंब टाकल्यावर मीठ निळं-जांभळं झालं तर आयोडीन आहे.

आता त्या गटाच्या ताईंना आमचं उत्तर. कर्ज द्या. पण रक्ताच्या पॅकेजसाठी देऊ नका. ते तीन हजार नंदुरबारच्या बसभाड्याला, दोन दिवसांच्या जेवणाला, आईच्या बुडालेल्या मजुरीला द्या. गटातली जी बाई दवाखान्यात बोलायला घाबरत नाही ती सोबत पाठवा. वहीत कारण लिहा, ‘मुलीच्या गळ्याची सोनोग्राफी’. आणि ताई परत आली की पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या: सोनोग्राफी झाली का, डॉक्टर काय म्हणाले, पुढची तारीख कोणती.

आणि बाकीच्या सगळ्यांनी उद्या सकाळी वेणी घालताना एक काम करा. पोरीला एकदा आपल्याकडे तोंड करून बसवा, पाण्याचा पेला द्या आणि गळा पाहा. पोरांचाही पाहा. काही दिसलं नाही तर देवाचे आभार माना. दिसलं तर आशाताईचं घर कुठे आहे, तुम्हाला माहीत आहे.

राम राम. जोहार.